पायातला खोडा आणि साहेबांचा मेल

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत परचेसला आहे. आमच्या साहेबांचा दर दोन दिवसांनी मेल येतो, 'प्लीज एक्सपेडाइट', बस, दोनच शब्द, खाली सही पण नाही. डिक्शनरीत बघितलं तर 'त्वरा करणे' एवढंच दिलंय. टीममधला एक जण म्हणतो की ह्यातलं 'पेडाइट' म्हंजे मूळचा 'स्पीड'च आहे, बोलून बोलून झिजलाय. हे खरं आहे का? आणि घाई करा एवढंच सांगायचं असेल तर 'हरी अप' लिहायला काय होतं? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या टीममधल्या मित्राची कल्पना छान आहे पण स्पीडचा ह्यात काडीचाही संबंध नाही. हा शब्द आलाय पायातून. अक्षरशः पायातून. लॅटिनमधे 'एक्स' म्हंजे बाहेर आणि 'पेस' म्हंजे पाय, त्याचंच विभक्ती लागलेलं रूप 'पेदिस'. ह्या दोघांचं मिळून क्रियापद झालं 'एक्सपेदीरे', म्हंजे अडकलेला पाय बाहेर काढणे, पायातली बेडी सोडवणे. आणि ह्याच्या बरोब्बर उलटा भाऊ आहे 'इंपेदीरे', पाय आत अडकवणे, तो इंग्रजीत 'इंपीड' म्हणून नांदतो.

आता मराठीत आपण काय म्हणतो बघा. कोणी कामात अडथळा आणला की 'त्यानं खोडा घातला' म्हणतो. हा खोडा म्हंजे लाकडाचा जाड ओंडका, त्याला भोकं पाडलेली, त्यात कैद्याचे पाय अडकवून वर खिळी मारायची की माणूस बसला जागच्या जागी. म्हंजे इंपीड म्हणजे खोडा घालणे, आणि एक्सपेडाइट म्हणजे तो खोडा काढणे. इतकं चपखल भाषांतर डिक्शनरीवाल्यांना का सुचलं नाही कोण जाणे. त्यांनी 'त्वरा करणे' लिहिलं आणि शब्दातला पायच गायब झाला.

आणि इथेच माझं म्हणणं आहे, जे मी पुढे दोनतीनदा परत म्हणणार आहे त्याबद्दल आधीच माफी. पळा असं ह्या शब्दाचं सांगणं नाहीये. जो थांबलाय तो का थांबलाय, त्याच्या पायात काय अडकलंय ते बघा आणि सोडवा, मग तो आपला चालेल, असं आहे ते. घाई हा नंतरचा परिणाम.

रोमन लोकांना हा फरक फार नीट कळत होता, कारण त्यांच्या सैन्याचा रोजचा प्रश्न तोच होता. सामानसुमान, तंबू, खेचरं, गाड्या ह्या सगळ्या लटांबराला ते 'इंपेदिमेंता' म्हणायचे, पायात येणाऱ्या गोष्टी. आणि ओझं मागे ठेवून लढायला मोकळा असलेला शिपाई म्हंजे 'एक्सपेदितुस'. इसवी सनापूर्वी ५७ मधे ज्यूलियस सीझर आजच्या बेल्जियम-उत्तर फ्रान्सच्या पट्ट्यात नर्व्ही नावाच्या टोळीवर चालून जात होता, आणि नर्व्हींना खबर लागली की रोमन पलटणी एकामागून एक चालतात आणि दर दोन पलटणींच्या मधे सामानाची भली मोठी रांग असते. त्यांनी बेत केला की पहिली पलटण तळावर पोचली, पाठीवर बोजे आहेत, मागची पलटण सामानापलीकडे लांब आहे, नेमकं तेव्हाच तुटून पडायचं. सीझरनं मात्र शत्रू जवळ आल्यावर चालायचा क्रम बदलला होता. सहा पलटणी मोकळ्या करून पुढे, मग सगळ्या सैन्याचं सामान एकत्र, आणि शेवटी नव्यानं भरती केलेल्या दोन पलटणी राखणीला. त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय आणि त्या एकाच वाक्यात 'एक्सपेदितास' आणि 'इंपेदिमेंता' दोन्ही शब्द शेजारी शेजारी आलेत, मला ते वाक्य फार आवडतं.

तरी व्हायचं ते झालंच म्हणा. नदीपलीकडच्या झाडीत दबा धरून बसलेल्या नर्व्हींना सामानाची पहिली गाडी दिसली आणि ते असे काही सुटले की शिपायांना शिरस्त्राण घालायला आणि ढालीवरची खोळ काढायलाही वेळ मिळाला नाही, सीझर स्वतः मागच्या रांगेतल्या एका शिपायाची ढाल ओढून घेऊन पुढे गेला. जिंकला शेवटी, पण कसाबसा.

आपल्याकडे ह्या दोन्ही शब्दांना अस्सल जोड्या आहेत. बाजारबुणगे हा शब्द आपण आता शिवीसारखा वापरतो, पण बुणगे म्हंजे मुळात फौजेबरोबरचं जड सामान आणि ते वाहणारी न लढणारी माणसं. आणि ज्या फौजेबरोबर हे काही नाही ती 'सडी फौज'. सडा म्हंजे एकटा, मोकळा, मागे पुढे काही नाही. सडाफटिंग हा शब्द त्यातलाच! तेव्हा रोमन एक्सपेदितुस म्हणजे आपला सडा स्वार. आणि सड्या फौजेला बुणग्यांचं ओझं झालं की काय होतं हे १४ जानेवारी १७६१ बद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको, बायकापोरं, यात्रेकरू, व्यापारी असा केवढा तरी गोतावळा पानिपतावर फौजेबरोबर होता.

तर हे क्रियापद इंग्रजीत आलं पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, आणि आलं तेच कामकाजाच्या अर्थानं, काम अडकलं होतं ते सुटून पार पडलं. बेड्या लॅटिनमधेच राहिल्या. स्पीडचं विचाराल तर त्याची गंमत वेगळीच आहे, तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ वेग नव्हताच, यश, भरभराट असा होता. निघालेल्या माणसाला 'गॉडस्पीड' म्हणतात ते 'देव तुला पळवो' म्हणून नाही, 'देव तुला यश देवो' म्हणून. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड' ह्या म्हणीतही तेच, घाई जास्त तर यश कमी. आपली 'अति घाई संकटात नेई' ही घाटातली पाटी त्याच्या जवळपास जाते.

राहिलं 'हरी अप'चं. हरी अप म्हटलं की घरातल्या पोराला बूट घालायला सांगितल्यासारखं वाटतं ना? इंग्रजीत घरगुती शब्द बरेचसे जुन्या देशी वळणाचे आणि कचेरीतले शब्द लॅटिन-फ्रेंच घराण्यातले, हे दोन मजली घर आहे. आपल्याकडे पण 'चल आटप लवकर' आणि 'सत्वर कार्यवाही करावी' हे दोन मजले आहेतच की. साहेब वरच्या मजल्यावरून बोलतात इतकंच.

एक व्याकरणाची बारीक गोष्ट, साहेबांना सांगू नका. ह्या क्रियापदाला कर्म लागतं. डिलिव्हरी एक्सपेडाइट करा, पेमेंट एक्सपेडाइट करा, काहीतरी करा. नुसतं 'प्लीज एक्सपेडाइट' म्हंजे 'कृपया सोडवा'. काय सोडवा? आणि एक्सपेडाइट होतं ते काम, माणूस नाही, त्यामुळे 'व्हेंडरला एक्सपेडाइट करतो' हे आपल्याकडे सर्रास चालत असलं तरी ऐकायला व्हेंडरला बेड्या घालून ठेवल्यासारखं वाटतं. 'एक्सपेडाइट फास्ट' तर लिहूच नका, ते 'परत रिपीट कर' च्या जातीचं आहे.

आता माझीच गोष्ट सांगतो, कारण मीही परचेसला होतो, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, टेलेक्सचा जमाना. पंपाची अकरा कास्टिंग कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून यायची होती आणि इकडे असेंब्ली उभी. टेलेक्स महाग म्हणून शब्द कमी, त्यामुळे मी रोज सकाळी आल्या आल्या ऑर्डर नंबर आणि पुढे एक्सपेडाइट, एवढंच पाठवायचो. चार दिवस पाठवलं. चौथ्या दिवशी तर दोनदा. तिकडून उत्तर यायचं 'अवेटिंग युवर ड्रॉइंग', आणि मी ते नेहमीची टोलवाटोलवी समजून फाईलला लावत होतो. पाचव्या दिवशी आमच्या सेक्शनचा प्यून चहा ठेवता ठेवता म्हणाला, साहेब, ते कोल्हापूरचं सुधारित ड्रॉइंग ना, ते आपल्याच ड्रॉइंग ऑफिसात ट्रेखाली पडलंय, सही करणारे साहेब आठवडाभर रजेवर आहेत. मी गार. म्हंजे खोडा आमच्याच टेबलात होता आणि मी कोल्हापुरातल्या माणसाला सांगत होतो पाय काढ पाय काढ. त्यानंच मग दुसऱ्या साहेबांची सही घेतली, ब्लूप्रिंट काढून आणली आणि संध्याकाळच्या एसटीनं पार्सल टाकलं. तिसऱ्या दिवशी ट्रक गेटात.

तेव्हा तुम्हाला पुढचा मेल आला की उलटा मेल टाका, कुठे अडलंय ते शोधतो म्हणून. आणि आधी स्वतःच्या ट्रेखाली बघा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. क्लासमधे सरांनी सांगितलं की 'पेड' आलं की पाय. मग इंपीच, पेडिग्री, पीडिअॅट्रिशियन ह्या सगळ्यात पाय आहे का? आणि एक्सपिडिशन आणि एक्सपीडिअंट हे एक्सपेडाइटचेच का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर बरेचसे बरोबर, पण लहान मुलांच्या डॉक्टरनं त्यांना फसवलं. पीडिअॅट्रिशियनमधला 'पीड' ग्रीक आहे, 'पाइस' म्हंजे मूल, पेडॅगॉगी म्हणजे शिकवण्याचं शास्त्र त्यातलंच. पायाचा तिथे संबंध नाही. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर, पेडोमीटर ह्यांत मात्र पायच पाय.

पेडिग्रीत पाय आहे आणि तो चक्क करकोच्याचा आहे! फ्रेंचमधे करकोच्याचा पाय म्हंजे 'पिए द ग्रू'. जुन्या वंशावळींत बापापासून मुलांकडे रेघा काढायचे, एकीतून तीन फुटलेल्या, त्या चिखलात उमटलेल्या पक्ष्याच्या पावलासारख्या दिसायच्या. म्हणून घराणं म्हणजे करकोच्याचा पाय.

इंपीच फार रंगीत शब्द आहे, त्याच्यासाठी जरा थांबू. लॅटिन 'पेदिका' म्हंजे पायातली बेडी किंवा फासा. त्यावरून फ्रेंचमधे आलं अडकवणे, रोखणे, आणि फ्रेंच लोक अजूनही 'आंपेशे' म्हणजे रोखणे ह्याच अर्थानं रोज वापरतात. इंग्लंडात मात्र तो पार्लमेंटात शिरला. १३७६ च्या 'गुड पार्लमेंट'नं राजाच्या मर्जीतल्या लॉर्ड लॅटिमरवर आणि रिचर्ड लायन्स नावाच्या व्यापाऱ्यावर खटला भरला, तिथून इंपीचमेंट ही पद्धत धरतात. आपल्याशी थेट संबंध असलेला खटला वॉरन हेस्टिंग्जचा, तोच गव्हर्नर जनरल ज्याच्या काळात इंग्रज-मराठे पहिलं युद्ध झालं आणि १७८२ चा सालबाईचा तह झाला. त्याचा खटला १७८८ मधे उभा राहिला आणि निकाल लागला १७९५ मधे, निर्दोष. सात वर्षं! बेडी घालणारा शब्द होता, त्यानं आपलं काम चोख केलं. आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाचं कलम आहे ६१, परीक्षेत विचारतात ते, लक्षात ठेवा.

एक्सपिडिशन म्हंजे मोकळं होऊन निघणे, मोहीम. गंमत अशी की आता कोणी हिमालयात एक्सपिडिशनला निघालं की सगळ्यात आधी खांद्यावर वीस किलोची सॅक चढवतो, सीझरच्या हिशेबानं ते इंपेदिमेंता झालं. आणि एक्सपीडिअंट म्हंजे पाय मोकळा करणारं, म्हणून फायद्याचं, म्हणून सोयीचं, आणि घसरत घसरत शेवटी 'तत्त्वाला धरून नाही पण सोयीचं'. राजकारणातल्या बातम्यांत हा शब्द दिसला की समजायचं, कोणीतरी पक्ष बदललाय.

आता तुमच्या सरांनी सांगितलं नसेल ते. लॅटिनमधे 'पायाला' म्हणायचं तर 'पेदेम', संस्कृतात 'पादम्'. शेजारी ठेवून बघा. एकाच जुन्या घराण्यातले आहेत हे, आणि इंग्रजी 'फूट' पण त्यातलाच, तिकडे प चा फ होतो, पितृचा फादर होतो तसा. बेडीला इंग्रजीत 'फेटर' म्हणतात त्यातही हाच फूट लपलाय. आणि फारसीतला 'पाय' तर आपल्याच शब्दाचा सख्खा चुलतभाऊ, त्यातून पायजमा आला, पायाचा जामा. तो इंग्रजांनी नेला आणि बाह्यांसकट परत आपल्याला नाइट ड्रेस म्हणून विकला. कोपऱ्यावर रेघ असलेल्या त्या ढगळ शर्टाला पण ते पायजमाच म्हणतात, पायाचा कपडा हाताला.

आणि हॉलमधला टीपॉय! आपण समजतो चहाचा टेबल, टी आहे ना पुढे. पण तो शब्द निघालाय इथूनच, तिपाई, तीन पायांची. इंग्रजांनी ऐकला, तेही चहाच समजले, स्पेलिंग तसं केलं, आणि आपण तो चार पायांचा करून परत घरात आणला.

बुद्धिबळातलं प्यादं फारसी 'पियादा', पायी चालणारा शिपाई. इंग्रजीत त्याला पॉन म्हणतात तो मध्ययुगीन लॅटिनमधला 'पेदो', पायदळातला शिपाई. पटावर समोरासमोर उभी असलेली दोन्ही प्यादी एकाच आजोबांची. आणि त्याच पेदोचा पोर्तुगीजमधे झाला 'पिआंव', पायी जाणारा, निरोप्या, तो इकडे इंग्रजी कचेऱ्यांत आला आणि झाला प्यून. म्हणजे वरच्या गोष्टीतला आमचा प्यून आणि माझा टेलेक्समधला एक्सपेडाइट हे दोघं भाऊबंदच होते, फक्त भावांपैकी काम एकानंच केलं. (पाव खाताना मात्र पाय शोधू नका, तो पोर्तुगीज 'पांव', त्याचं घराणं वेगळं. पावशेरातला पाव मात्र पायाचा, चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा.)

प्रश्न : आमची जमिनीची केस हायकोर्टात आहे. दाखल झाली तेव्हा वकीलसाहेब पेढे द्या म्हणाले, ऑर्डरमधे 'रूल, हिअरिंग एक्सपेडायटेड' आलंय. त्याला आता सहा वर्षं होतील. मग ह्या शब्दाचा अर्थ नक्की काय धरायचा? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका, वकीलसाहेब खोटं नाही बोलले. 'रूल' म्हंजे तुमच्या अर्जात दम आहे असं वाटून कोर्टानं तो अंतिम सुनावणीसाठी ठेवून घेतला आणि समोरच्या पार्टीला नोटीस काढली. आणि 'एक्सपेडायटेड' म्हंजे साध्या रांगेतून काढून तुम्हाला लवकरच्या रांगेत उभं केलं. घोळ एवढाच की ती रांग पण लांब असते. तारीख कुठे लिहिलीय त्यात? खोडा काढलाय, पण दार अजून बंद आहे.

खरं तर ह्या शब्दाला बेडीची आठवण कुठे राहिली असेल तर ती कोर्टातच राहायला हवी होती. १९७९ मधे हुसैनारा खातून केसमधे सुप्रीम कोर्टासमोर आलं की बिहारच्या तुरुंगांत कच्चे कैदी इतकी वर्षं पडलेत की गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी ते तेव्हा सुटून घरी गेले असते. कोर्टानं सांगितलं की खटला लवकर चालणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. तिथे एक्सपेडाइट म्हणजे अगदी शब्दशः पाय मोकळे करणंच होतं.

तुमची केस चालू असताना सातबारा, फेरफार असली कागदपत्रं सरकारी ऑफिसातून काढायची असतील तर एक गोष्ट माहीत असू द्या. महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे, लांबलचक नावाचा, बदल्यांचा आणि विलंबाचा, लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यात लिहिलंय की कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर शक्यतो चार दिवस, आणि अगदी तात्काळ असेल तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. अर्जात 'त्वरित' हा शब्द पाच वेळा लिहिण्यापेक्षा एकदा सात दिवसांचा उल्लेख करा, फरक पडतो. आणि फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा, कारण फाईल 'ऑफिसात' कधीच नसते, ती एका माणसाकडे असते.

दप्तर शब्द निघालाच आहे तर, तो फारसी, आणि त्याच्या मागे ग्रीक 'डिफ्थेरा', म्हंजे लिहायचं कातडं. घटसर्पाला डिप्थीरिया म्हणतात तो ह्याच शब्दावरून, घशात कातड्यासारखा पापुद्रा येतो म्हणून. दप्तरात अडकलेली केस घशाशी येते ती अशी. आणि 'पेंडिंग' म्हणजे लॅटिनमधे लटकलेलं, 'प्रलंबित' म्हणजे संस्कृतात लटकलेलं, दोन भाषांना स्वतंत्रपणे हेच सुचलं ह्यावरून सरकारं सगळीकडची सारखीच.

प्रश्न : माझा मुलगा शिकागोला एका हॉटेलच्या किचनमधे लागला. सांगतो की मी 'एक्सपेडायटर' आहे. स्वयंपाक करतोस का विचारलं तर नाही, वाढतोस का तर नाही. मग करतो काय हा? — एक आई, नाशिक

उत्तर : काळजी करू नका, महत्त्वाचं काम आहे. शेफ आणि वेटर ह्यांच्या मधे जो कट्टा असतो ना, जिथे तयार डिशेस ठेवतात, तिथे तो उभा असतो. चार नंबरच्या टेबलाचं सूप तयार आहे पण पास्ता नाही, सहाची ऑर्डर आली पण त्यात शेंगदाणे नकोत असं होतं, हे सगळं त्याच्या डोक्यात. कोणाचं काय अडलंय ते ओरडून सांगायचं आणि सगळं टेबल एकदम बाहेर काढायचं. लग्नात पंगत वाढताना एक काका मधे उभे राहून 'तिकडे मठ्ठा नाही गेला' म्हणत असतात, तेच. तिकडे ते पगार देतात त्याचा.

विमानतळावरही हा शब्द आहे बरं का. कंट्रोल टॉवरवरून वैमानिकाला 'एक्सपेडाइट क्लाइंब' सांगितलं की लवकर वर चढा. पण तिथे त्याच्याही वरची पायरी आहे, 'इमिजिएटली', तो शब्द आला म्हणजे आत्ता ह्या क्षणी, एक्सपेडाइट म्हणजे तशी वेळ येऊ नये म्हणून. तुमच्या मुलाला विचारा, त्याच्या किचनमधे हा फरक पाळतात का.

प्रश्न : एक्सपेडाइटला मराठी शब्द सुचवा. आमच्या पतसंस्थेचं पत्रक मराठीत काढायचंय, 'शीघ्रतापूर्वक' वगैरे नको. — एक वाचक, सातारा

उत्तर : मार्गी लावणे. झालं. कर्ज प्रकरण मार्गी लावतो म्हटलं की ते अडलं होतं हेही कळतं, ते चालायला लागेल हेही कळतं, आणि पायाखाली रस्ता पण आला. 'चालना देणे' पण चालेल, त्यातही चालणं आहेच. 'धसास लावणे' जरा जोरकस, मोर्चाच्या पत्रकाला शोभतं. 'निकालात काढणे' चुकूनही वापरू नका, सभासदाला वाटेल त्याचं प्रकरण केराच्या टोपलीत गेलं, तिथे 'निकाली काढणे' म्हणायचं, एका काना-वेलांटीनं माणसाचं कर्ज मंजूर होतं. आणि वसुलीच्या पत्रात जे एक्सपेडाइट असतं त्याला सरळ तगादा म्हणा, सातारकरांना कळतो.

प्रश्न : उच्चार काय करायचा? — दोन-तीन वाचक

उत्तर : जोर पहिल्या 'एक्स'वर, मधला 'प' जेमतेम, शेवटी स्पष्ट 'डाइट'. एक्स्पडाइट. माझे एक जुने साहेब शेवटपर्यंत 'एक्सपेडिट' म्हणायचे, पण त्यांच्या टेबलावर संध्याकाळी पाचनंतर एकही फाईल नसायची, त्यामुळे कोणी काही बोललं नाही.